सांडव्याखालचा पाऊस कोणाच्या हिशेबात?

महानदीवरील गंगरेल धरणाचे दरवाजे उघडले, अशी वार्ता आली की रायपूर-धमतरीकडून गाड्यांची रीघ लागते. चौदा दरवाजांखाली उसळणारे तुषार अंगावर घेण्यात लोकांना आनंद वाटतो, आणि त्यात गैर काहीच नाही. हे धरण जेमतेम 30 मीटर उंच आहे. जेथे पाणी शंभर-दीडशे मीटर उंचीवरून झेपावत नदीपात्रातील डोहात कोसळते, तेथे मात्र याच तुषारांचे स्वरूप पालटते.

पाण्याचा झोत हवेशी घासून फाटतो, डोहावर आदळून विखुरतो आणि त्याच्या वेगाने उठलेला वारा थेंबांना दरीच्या कड्यांवर नेऊन फेकतो. भारतीय हवामान विभागाच्या लेखी 24 तासांत 204.4 मिलिमीटरहून अधिक पाऊस ही सर्वोच्च श्रेणी. उंच धरणांच्या डोहाजवळ तेवढे पाणी तासाभरात बरसू शकते. चीनमध्ये पीत नदीवरील लाँगयांगशिया धरणाखाली 1989 मध्ये अशाच तुषारांनी भिजून डोंगरउतार घसरला. आपल्याकडे कृष्णेवरील 145 मीटर उंच श्रीशैलम धरणाच्या डोहाचा तळ झोताने कोरला गेला, त्याची चर्चा पुष्कळ झाली. तुषारांची त्या मानाने फारच थोडी.

याचे एक कारण प्रयोगशाळेत सापडते. 1916 मध्ये स्थापन झालेल्या आणि आता पुण्याजवळ खडकवासल्यास असलेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी धरणाची लहान प्रतिकृती करून प्रवाह अभ्यासता येतो. परंतु प्रतिकृती लहान केली तरी पाण्याचा पृष्ठताण लहान होत नाही. झोत खऱ्यासारखा फुटत नाही आणि तुषार प्रत्यक्षाहून कमी दिसतात. प्रत्यक्ष विसर्गाच्या वेळी काठावर पर्जन्यमापके बसवून मोजमाप करणे हाच खात्रीचा मार्ग.

प्रशासनात असताना पूरनियंत्रणाच्या बैठकांत मी क्युसेकचे आकडे आणि नदीकाठच्या गावांच्या याद्या पुष्कळ पाहिल्या. फवारा कोठवर पोहोचतो, तेथे वीजकेंद्राचे उघडे उपकरणागार आहे की प्रेक्षकांचा कट्टा, हे कोणी विचारल्याचे आठवत नाही. इशारा दरवाजे उघडण्याच्या आदेशाशी जोडलेला असे. गंगरेलजवळचेच, 1923 मध्ये पूर्ण झालेले मुरूमसिल्ली धरण पाहा: तेथे पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की सायफन सांडवे आपोआप वाहू लागतात. आदेशाची वाट पाहणारा इशारा अशा ठिकाणी काय कामाचा? तेथे धोक्याची हद्द जमिनीवर कायमची आखलेली हवी.

धरण सुरक्षा अधिनियम, 2021 हा 30 डिसेंबर 2021 रोजी अमलात आला. जुन्या धरणांचे आपत्कालीन कृती आराखडे त्यानंतर पाच वर्षांत तयार करणे धरणमालकांवर बंधनकारक आहे. या आराखड्यांत पूररेषेच्या नकाशासोबत तुषारक्षेत्राचाही नकाशा असावा. सुरुवात उंच धरणांपासून करावी. गंगरेलला प्रेक्षकांसाठी एक कठडा आणि खुणेचे दगडही पुरतील.