कॅमेरा गडावरून तर सुखरूप आला...

आमच्या हॉस्टेलवर ट्रेक ठरला की दोन प्रश्नांवर हमखास भांडण होतं. एक म्हणजे पोहे कोण करणार, आणि दुसरा म्हणजे कॅमेरा कोण सांभाळणार. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असतो हे खरं, तरी 'खरा' कॅमेरा ज्याच्या गळ्यात त्याला अजून मान आहे. मी सेकंड इयरला असताना हा मान एका रविवारापुरता मला मिळाला. कॅमेरा अर्थातच माझा नव्हता. माझ्या रूम-पार्टनरचे बाबा तालुक्याच्या गावी लग्नाचे फोटो काढतात. नवीन बॉडी घेतल्यावर जुना डीएसएलआर आणि १८-५५ ची लेन्स त्यांनी पोराला देऊन टाकली होती. पार्टनरची सबमिशन्स राहिली होती, म्हणून "जपून ने रे बाबा" असं चार वेळा बजावून त्याने तो माझ्या हवाली केला. आम्ही निघालो राजगडला, तेही भर जुलैत.

त्यामुळे मी जपलाही खूप. सॅकला रेनकव्हर असतं, पण त्यावर विसंबू नका. पाणी पाठीकडून आत येतं, कारण पाठ आणि सॅक यांच्यामध्ये कव्हर नसतंच. म्हणून मी सॅकच्या आत मोठी कचऱ्याची काळी पिशवी अस्तरासारखी घातली आणि सगळं सामान त्यात भरलं. फोमच्या कापडी बॅगेत कॅमेरा, आणि ती बॅग सॅकच्या मधोमध, पाठीच्या बाजूला, टी-शर्टच्या दोन घड्यांमध्ये. तळाशी ठेवायचा नाही, कारण दमल्यावर आपण सॅक 'धप्प' करून टाकतो. पाण्याची बाटली बाहेरच्या खिशात.

गुंजवण्याहून चोर दरवाजाने चढताना शेवटी कातळ आणि रेलिंग लागतं. कॅमेरा गळ्यात लोंबकळत ठेवायचा नाही हा धडा मी तिथे शिकलो. माणूस पुढे वाकला की कॅमेरा लंबकासारखा झुलतो आणि थेट कातळावर आपटतो. माझा एकदा आपटता आपटता राहिला. त्यानंतर पट्टा एका खांद्यावरून तिरका घेतला आणि त्यावरून सॅकचा छातीवरचा पट्टा आवळला. हात मोकळे राहिले, कॅमेरा छातीला चिकटून बसला. अवघड जागी तर सरळ सॅकमध्येच टाकावा. एक फोटो कमी आला तर जग बुडत नाही.

पद्मावती माचीवर ढग असा होता की पाच फुटांवरचा माणूस दिसेना. पाऊस जरा थांबला की कॅमेरा काढायचा, दुधाच्या धुतलेल्या पिशवीला भोक पाडून त्यातून लेन्स बाहेर काढायची, रबरबँड लावायचा. हे झकास चालतं. लेन्सवर थेंब पडला तर मऊ कापडाने टिपायचा. टी-शर्टाने खसाखसा पुसायचं नाही, धुळीतले वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. सुवेळा माचीच्या नेढ्याचा एक फोटो तर इतका भारी आला की पुढे नोटीस बोर्डावर लागला.

उतरलो, परतीच्या एसटीत बसलो आणि फोटो बघायला लगेच कॅमेरा बाहेर काढला. लेन्स पांढरीफटक! मला वाटलं, संपलं. पण हा साधा थर्मोडायनॅमिक्सचा खेळ होता. भिजलेल्या माणसांनी भरलेल्या, खिडक्या बंद असलेल्या गाडीत हवा २८ अंश आणि आर्द्रता ८० टक्के धरा. तिचा दवबिंदू साधारण २४ अंश येतो (मेकॅनिकलवाल्यांनी सायक्रोमेट्रिक चार्ट काढून बघावा). गडावर गार झालेला कॅमेरा २० अंशांवर असेल, तर त्याच्यावर दव पडणारच. अशा वेळी बॅग बंदच ठेवायची, अर्धा-पाऊण तास. कॅमेरा हळूहळू कोमट झाला की मग उघडायची.

ते धुकं थोड्या वेळाने गेलं. रूमवर येऊन कॅमेरा नीट पुसला, त्याच फोमच्या बॅगेत घातला, बॅगेची चेन लावली आणि पार्टनरच्या कपाटात ठेवून दिला. जबाबदारी पूर्ण!

दिवाळीच्या सुट्टीत पार्टनर कॅमेरा घरी घेऊन गेला. त्याच्या बाबांनी लेन्स उजेडात धरली आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले. बुरशी. दुरुस्तीवाल्याने लेन्स खोलून साफ केली, पण बुरशीतून निघणाऱ्या आम्लाने कोटिंग एका जागी खाल्लं होतं, तो डाग तसाच राहिला. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. फोनवर एवढंच विचारलं, "बॅग वाळवली होतीस का?"

बॅग! ती मी वाळवलीच नव्हती. गडावर ज्या फोमने कॅमेऱ्याला धक्क्यांपासून वाचवलं, तोच ओला फोम पुढचे तीन महिने त्याला दमट हवा पाजत होता. जरा हिशोब करा. दहा लिटरच्या बंद डब्यात २८ अंशांची पूर्ण दमट हवा असली तरी तिच्यात पाणी असतं जेमतेम पाव ग्रॅम. तेवढं सिलिका जेलची लहानशी पुडी सहज शोषते. पण ओला पट्टा किंवा ओला फोम आत गेला की त्यात कितीतरी ग्रॅम पाणी असतं, आणि पुडी एका दिवसात हात टेकते. बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतातच. त्यांना हवा दमटपणा आणि अंधार, आणि आमची हॉस्टेलची कपाटं म्हणजे त्यांचं माहेर.

म्हणून आता आमची पद्धत ठरलेली आहे. ट्रेकहून आलं की बॅटरी आणि कार्ड काढायचं. आत पाणी गेल्याची शंका असेल तर चालू करून बघायचा मोह टाळायचा. तांदळात पुरू नका, तांदळाची भुकटी आत जाते. बॅग आणि पट्टा वेगळा, पंख्याखाली दोन दिवस. कॅमेरा रबरी वायसर असलेल्या स्वयंपाकघरातल्या डब्यात, सोबत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. जेलचे नारिंगी दाणे हिरवे झाले की ते तापवून पुन्हा वापरता येतात.

तापवायचे कुठे, हा खरा प्रश्न होता. हॉटप्लेट सापडली तर रेक्टर सर दंड करतात, आणि मेसच्या तव्यावर रसायन टाकणं बरं नाही. शेवटी सिव्हिलच्या सॉइल लॅबमधली ओव्हन आठवली. मातीतलं पाणी मोजायला ती १०५ ते ११० अंशांवर चालूच असते. लॅब असिस्टंट काकांना विचारलं. ते आधी नाहीच म्हणाले. मग नोटीस बोर्डावरचा नेढ्याचा फोटो तूच काढलास का, असं विचारलं. आता दर महिन्याला एका शुक्रवारी मातीच्या डब्यांशेजारी आमची एक बशी असते, आणि काकांच्या टेबलाच्या काचेखाली तो फोटो.