अर्जापासून अनुदानापर्यंत

अपंग मनुष्याला सरकारी साहाय्य मंजूर होण्यास किती काळ लागतो, या प्रश्नाचे उत्तर लोक एका आकड्यात मागतात. कोणी तीन महिने सांगतो, कोणी वर्ष सांगतो, आणि दोघांचेही खरे असू शकते. कारण हा काळ एक नाही. ती अनेक काळांची बेरीज आहे. प्रत्येक कचेरी आपल्यापुरते दिवस मोजते. सगळी बेरीज मोजावी लागते ती अर्जदाराला. ही बेरीज कशी होते आणि ती कोठे कमी करता येईल, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

प्रश्न लहान नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के अपंगत्व ही किमान मर्यादा ठरली. हक्कदार वाढले, ही आनंदाची गोष्ट. पण त्याबरोबर तपासणीच्या दारातील रांगही वाढणार, हे ओघानेच आले.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एक गवंडी परांचीवरून पडला आणि त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. पहिला काळ त्याच्या शरीराचाच आहे. उपचार पुरे होऊन प्रकृती स्थिरावल्याशिवाय अपंगत्व कायमचे किती, हे डॉक्टरांना सांगता येत नाही. हा विलंब निसर्गाचा आहे. त्याबद्दल कोणास दोष देता येणार नाही.

दुसरा काळ प्रमाणपत्राचा. २०२१ च्या जूनपासून हे प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या संगणकीय व्यवस्थेतूनच मिळते. तेथे अर्ज नोंदवावयाचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणीस जावयाचे. तज्ज्ञ त्या दिवशी नसला, तर पुन्हा फेरी. चालता न येणाऱ्या माणसाची फेरी म्हणजे गाडीभाडे आणि बरोबर येणाऱ्याचा बुडालेला रोज.

तिसरा काळ कागदांचा. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. तिच्यासाठी वयाचा, वास्तव्याचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. एका कागदावर नावाचे अक्षर वेगळे पडले की सारा अर्ज अडतो. चौथा काळ मंजुरीचा. अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जातो. समितीची बैठक लांबली, तर निर्दोष अर्जही तिच्याबरोबर लांबतो. पाचवा काळ पैसे प्रत्यक्ष खात्यात पडण्याचा. आधार क्रमांक आणि बँकेचे खाते यांची जोडणी नीट नसेल, तर मंजुरी कागदावरच राहते.

एवढ्या खटाटोपानंतर हाती काय येते? या योजनेची रक्कम २०२३ साली दरमहा १,५०० रुपये झाली आणि २०२५ साली दिव्यांगांसाठी २,५०० रुपये ठरली. केंद्राचे दिव्यांग निवृत्तिवेतन २००९ साली सुरू झाले. त्यासाठी दारिद्र्यरेषेखालील कुटुंब आणि ८० टक्के अपंगत्व असावे लागते. त्यातील केंद्राचा वाटा ८० वर्षांखालील व्यक्तीस दरमहा ३०० रुपये आहे. ज्याचे चार पैसे गाठीला आहेत, त्याला या रकमा किरकोळ वाटतील. परंतु ज्याची कमाई थांबली आहे, त्याच्या घरी त्या महिन्याचा किराणा याच रकमेतून येतो. तो महिना गेला की उसनवारी सुरू होते, आणि उसनवारीवर व्याज चढते. विलंबाची किंमत ती हीच. आणि ती सोसण्याची ऐपत ज्याला सर्वांत कमी, त्याच्याच माथी ती येते.

कायद्याने मुदत घातलेली नाही काय? घातली आहे. २०१७ च्या नियमांत अर्ज मिळाल्यापासून एका महिन्यात प्रमाणपत्र द्यावे, असे होते. २०२४ च्या दुरुस्तीने एकाचे तीन महिने झाले. बनावट प्रमाणपत्रांना आळा बसावा म्हणून काळजीने तपासणी व्हावी, हे कोणीही मान्य करील. परंतु ताकद कमी पडते म्हणून माप मोठे करणे, हा उपाय नव्हे. तज्ज्ञ वाढवणे आणि तपासणी तालुक्याच्या गावी नेणे, हा खरा उपाय.

नागरिकाच्या हाती मात्र एक साधन निश्चित आहे, ते म्हणजे तारीख. मुदत कितीही असो, ती कोणत्या दिवशी सुरू झाली याचा पुरावा नसेल तर ती संपतही नाही. म्हणून अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. प्रमाणपत्र नाकारले, तर कारणे लेखी मागावीत. २०१६ च्या कायद्यात अपिलाची सोय आहे. उत्पन्नाचे व वास्तव्याचे दाखले २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात. त्या कायद्यात अपील आहे, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडही आहे.

पण हे सर्व करण्याचे बळ अंथरुणावरील गवंड्यात असेलच असे नाही. येथे आपल्यासारख्या लिहित्यावाचत्या नगरवासीयांचे काम सुरू होते. गल्लीतील एका अर्जदाराचे कागद एकदा नीट लावून देणे, नावातील फरक आधीच दुरुस्त करून घेणे, पोचेची तारीख लिहून ठेवणे आणि मुदत उलटताच त्याच्या वतीने पत्र लिहिणे, यास फार विद्वत्ता लागत नाही. निसर्गाचा विलंब आपण कमी करू शकत नाही. कागदांचा विलंब मात्र बऱ्याच अंशी करू शकतो, आणि तेवढ्याने त्या घरातील उसनवारीचे काही महिने नक्कीच वाचतात.