मांजर आणि गोष्टीवाली बाई

तानशाकडच्या कुठल्याही पाड्यावर जा. कुडाचे घर दिसेल. घरात भाताची कणगी दिसेल. आणि कणगीच्या आडोशाला अंगाचे मुटकुळे करून झोपलेले एक मांजर दिसेल.

घरधनीण म्हणते, "बघा मेलं, दिवसभर नुसतं लोळतंय!"

पण रात्र पडते. घरातली माणसे झोपतात. तेव्हा ते मांजर उठते. आळस देते. आढ्यावर, माळ्यावर, कणगीमागे फिरू लागते. आपण पावसाळाभर चिखलात राबून पिकवलेले भात उंदीर खातात. खातात त्याहून जास्त नासवतात. त्या उंदरांवर पहारा करायला मांजर काही पगार मागत नाही.

तरी आपण मांजराला काय काय बोलतो! मांजर आडवे गेले तर माणूस चार पावले मागे येतो. मांजर डोळे मिटून दूध पिते, म्हणून लबाड माणसाला आपण मांजराची उपमा देतो.

आज अशा एका बाईची हकीगत ऐका, जिने मांजरावर जीव लावला. त्या मायेपोटी ती गोष्टी लिहू लागली. आणि त्या गोष्टी देशोदेशीच्या लोकांनी वाचल्या. तिचे नाव लिलियन जॅक्सन ब्राऊन. राहणारी अमेरिकेची. ती लिहीत असे रहस्यकथा.

रहस्यकथा म्हणजे काय?

हे समजायला लांब जायला नको. समजा, सकाळी उठून तुम्ही खुराड्यापाशी गेलात. एक कोंबडी नाही. दार ढकललेले आहे. चार पिसे पडलेली आहेत. आता कोंबडी नेली कोणी?

एक जण म्हणतो, शेजारच्या कुत्र्याने नेली. दुसरा म्हणतो, मुंगसाने नेली. तिसरा हळूच म्हणतो, काल अमका माणूस इकडून जात होता. झाला का संशय सुरू?

पण जाणता माणूस एकदम बोलत नाही. तो आधी खाली वाकतो. ओल्या मातीत पाऊल उमटले आहे का, ते बघतो. पावलाच्या खुणेत नखे दिसली, तर तो कुत्रा असेल, मुंगूस असेल. पाऊल गोल आहे आणि नखांची खूण नाही, तर ते मांजराच्या जातीचे जनावर. कारण मांजर चालताना नखे आत ओढून घेते. मग जाणता माणूस म्हणतो, "कुत्र्याला मारू नका. रानमांजर आलं होतं." निरपराध कुत्रा वाचतो. ज्या माणसाचे नाव निघाले होते, त्याचीही अब्रू वाचते.

हीच रहस्यकथा. आधी गुन्हा घडतो. मग संशय येतो. मग खुणा सापडतात. शेवटी खरे काय ते उघडे पडते.

आपल्या मराठीतही असा एक मोठा लेखक होऊन गेला. बाबूराव अर्नाळकर या नावाने ते लिहीत. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांचा जन्म १९०६ सालचा. १९९६ साली ते वारले. त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे 'झुंजार' आणि 'काळा पहाड' हे नायक घरोघर ठाऊक होते. कितीतरी लोकांना वाचनाची गोडी अशा पुस्तकांनी लागली. पुढे काय झाले, हे कळल्याशिवाय पुस्तक खाली ठेववत नाही. मग अडखळत का होईना, माणूस पान उलटतोच.

दहाव्या मजल्यावरून

आता लिलियनबाईंकडे वळू.

त्यांचा जन्म १९१३ सालचा. अमेरिकेत डेट्रॉइट नावाचे मोठे शहर आहे. मुंबई जशी कापडाच्या गिरण्यांनी वाढली, तसे डेट्रॉइट मोटारींच्या कारखान्यांनी वाढले. त्या शहरात बाईंनी पोटासाठी लेखणी धरली. आधी मोठमोठ्या दुकानांच्या जाहिराती लिहिल्या. मग एका वर्तमानपत्रात नोकरी धरली. घर कसे सजवावे, कसे मांडावे, असले मजकूर त्या पाहत. सुमारे तीस वर्षे त्यांनी ती नोकरी केली.

बाई चाळीस वर्षांच्या झाल्या तेव्हा नवऱ्याने त्यांना वाढदिवसाची भेट दिली. दागिना नव्हे, लुगडे नव्हे. मांजराचे एक पिल्लू दिले. ते सयामी जातीचे होते. सयाम म्हणजे आजचा थायलंड देश. या जातीच्या मांजराचे अंग फिकट असते. तोंड, कान, पाय आणि शेपूट मात्र काळपट असते. डोळे निळे असतात. असे का होते? या जातीत अंगाचा जो भाग थंड राहतो, तिथेच केसांना गडद रंग चढतो. कान, पाय आणि शेपूट ही टोके थंड राहतात, म्हणून ती काळी. पोट आणि पाठ ऊबदार, म्हणून ती फिकट.

बाईंनी त्या पिल्लाचे नाव ठेवले कोको. कोकोने बाईंना लळा लावला.

बाई राहत होत्या दहाव्या मजल्यावर. एकावर एक अशी दहा घरे रचली आहेत असे समजा, म्हणजे उंची ध्यानात येईल. एके दिवशी कोको तिथून खाली पडले आणि मेले.

मांजर पडताना हवेतल्या हवेत अंग वळवते आणि पायांवर उतरते, हे आपण पाहिले आहे. पण दहा मजल्यांची उंची म्हणजे चेष्टा नव्हे. शेजारीपाजारी कुजबुजू लागले, "ते पडलं नाही. कोणीतरी ढकललं."

बाईंच्या काळजाला घर पडले. मुक्या जिवाने कोणाचे काय वाकडे केले होते? त्यांना रात्री वाईट स्वप्ने पडू लागली. राग येई, पण राग काढायचा कोणावर? पुरावा काही नव्हता. कोणाचे नाव घ्यावे, तर उगाच एखाद्यावर आळ यायचा.

असे दुःख तुम्ही आम्हीही भोगले आहे. कोणाचा बैल विष खाऊन मेला. कोणाची शेळी रात्रीतून गेली. संशय मनात कुजत राहतो. दोन घरांत बोलणे बंद होते. कधी काठ्या निघतात.

बाईंनी काय केले? त्यांनी कागद घेतला आणि एक गोष्ट लिहिली. त्या गोष्टीत एक मांजरी आहे. शेजारचा माणूस तिच्या पोराचा जीव घेतो. शेवटी त्या माणसाला आपल्या कर्माचे फळ मिळते, आणि ते त्या मांजरीमुळेच मिळते. ही गोष्ट १९६२ साली रहस्यकथांच्या एका नावाजलेल्या मासिकात छापून आली. खऱ्या जगात मिळाला नाही, तो न्याय बाईंनी कागदावर मिळवला. कोणावर आळ घेतला नाही. मन मात्र हलके झाले.

उलटे वाचणारे मांजर

मग लोकांनी आणखी गोष्टी मागितल्या. १९६६ साली बाईंची पहिली कादंबरी निघाली. तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती.

या कादंबरीत क्विलरन नावाचा एक बातमीदार आहे. मोठ्या मिशांचा, पोक्त वयाचा. त्याच्याकडे एक सयामी मांजर येते. त्याचे नावही कोको. पाहा, मेलेल्या कोकोला बाईंनी गोष्टीत पुन्हा जिवंत केले!

हे कोको मोठे गमतीचे आहे. वर्तमानपत्राच्या मथळ्यावर बोट फिरवले, की ते वाचल्यासारखे करते. पण उजवीकडून डावीकडे! म्हणून पुस्तकाच्या नावातच 'उलटे वाचणारे मांजर' आले आहे. आपणही अक्षरे शिकताना असेच बोट ठेवून वाचले. कधी 'मगर' चे 'रगम' झाले, तर कधी 'कप' चे 'पक' झाले. तेव्हा कोकोला हसण्याचा हक्क आपल्याला नाही!

लिलियनबाईंची खरी हुशारी कुठे आहे, ते सांगतो. त्यांचे मांजर माणसासारखे बोलत नाही. जादूटोणा करत नाही. खरे मांजर जे करते, तेच ते करते. हुंगते. उकरते. फळीवरची वस्तू पाडते. नको तिथे जाऊन बसते. बातमीदार ते बघतो आणि विचार करतो. मग त्याला गुन्ह्याचा धागा मिळतो. पुढे कोकोच्या जोडीला यम यम नावाची मांजरी आली. या जोडीच्या गोष्टी लोक आवडीने वाचू लागले.

मांजराला एवढे कळते का?

तुम्ही म्हणाल, या सगळ्या गोष्टीतल्या गप्पा. खरे मांजर ते काय शोधणार?

गुन्हेगार शोधणार नाही, हे खरे. पण आपल्याला न कळणारे पुष्कळ त्याला कळते. आपल्याला दिसायला जेवढा उजेड लागतो, त्याच्या सुमारे सहाव्या हिश्शात मांजराला दिसते. त्याच्या डोळ्यांत मागे चकाकणारा पडदा असतो. म्हणून कंदिलाच्या उजेडात त्याचे डोळे चमकतात. त्यात भूत नाही, पिशाच्च नाही.

उंदराचा बारीक आवाज आपल्या कानाला ऐकूच येत नाही, तो मांजराला ऐकू येतो. त्याच्या मिशा म्हणजे जणू मोजपट्टी. फटीतून अंग जाईल की नाही, हे ते मिशांनी अजमावते. म्हणून पोरांना सांगावे, मांजराच्या मिशा कापू नका.

आणि आडवे जाण्याचे म्हणाल, तर मांजर आपल्या कामाला निघालेले असते. आपण आपल्या कामाला जावे.

मात्र एक जपावे. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर हळद, चुना, मिरची लावू नये. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. मग लगेच सरकारी दवाखान्यात जावे. कुत्र्यासारखेच मांजरामुळेही पिसाळरोगाचे विष अंगात जाऊ शकते. लस वेळेवर टोचली, तर माणूस वाचतो. रोग उलटला, तर इलाज जवळजवळ नाहीच.

अठरा वर्षे बंद पडलेली लेखणी

१९६६, १९६७ आणि १९६८. तीन वर्षांत लिलियनबाईंची तीन पुस्तके निघाली. चौथे लिहून झाले. पण तोवर वारे फिरले होते. छापणाऱ्यांना आता मारामारी आणि रक्तपात हवा होता. मांजराची सोज्वळ गोष्ट कोणी घेईना.

बाई भांडल्या नाहीत. आपली गोष्ट त्यांनी बिघडवलीही नाही. कागद बांधून ठेवून दिले. नोकरी करत राहिल्या. पहिले यजमान १९६७ साली वारले होते. १९७८ साली त्या नोकरीतून मोकळ्या झाल्या. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरे लग्न केले.

नव्या यजमानांनी ते जुने कागद वाचले. ते म्हणाले, हे छापायला द्या. १९८६ साली ते पुस्तक निघाले. तिसऱ्या पुस्तकानंतर अठरा वर्षांनी! बाई त्र्याहत्तरीला आल्या होत्या. या वयात पुष्कळ माणसे म्हणतात, आता आमचे काय राहिले? पण बाईंचे खरे दिवस इथून सुरू झाले. पुस्तकामागून पुस्तक येत गेले. एकंदर २९ कादंबऱ्या झाल्या. शेवटची निघाली २००७ साली. २०११ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी, बाई वारल्या. त्यांच्या घरात मांजरे होती.

आपल्यापुरते काय?

आपण काही २९ कादंबऱ्या लिहिणार नाही. पण तीन गोष्टी या हकिगतीतून घेण्यासारख्या आहेत.

पहिली. मुक्या जिवावर माया करणे म्हणजे वेडेपणा नव्हे. ते जनावर आपल्या घरचे अन्न राखते आणि आपल्या मनालाही सोबत करते.

दुसरी. खूण पाहिल्याशिवाय कोणावर आळ घेऊ नये. आधी माती पाहावी, मग माणूस पाहावा.

तिसरी. उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही. कोणी चाळिशीत अक्षर गिरवतो, कोणी साठीत. अक्षर आले, ते आपले झाले.

तानशाच्या रानाला गोष्टींची वाण नाही. इथे १८९२ साली धरण झाले आणि इथले पाणी मुंबईला गेले. त्या पाण्याकाठी राहणाऱ्या माणसांनी काय पाहिले? रात्री गोठ्याशी बिबट्या कसा आला? कोणाच्या आजीने पोरांना कसे वाचवले? हे सारे अजून तोंडातोंडी आहे. सांगणारी माणसे गेली, की गोष्टीही जातील.

म्हणून आज एवढे करा. पोराच्या वहीचे एक कोरे पान मागून घ्या. आपल्या घरच्या मांजराबद्दल, कुत्र्याबद्दल किंवा गेलेल्या बैलाबद्दल चार ओळी लिहा. काना, मात्रा चुकली तर चुकू द्या. लिहून झाले, की संध्याकाळी घरच्यांना वाचून दाखवा.

मांजर कणगीजवळ बसून ऐकेलच.