लोत नदीकाठची पायवाट आणि वाटेवरची घरं



गेल्या पावसाळ्यात किल्ल्यावर निघालेली दहा-बारा मुलं आमच्या गटातल्या एका ताईंच्या ओट्यावर थांबली. पाऊस नुसता कोसळत होता. ताईंनी पिठलं-भाकरी केली, ठेचा वाटला, चहा दिला. निघताना मुलांनी विचारलं, "मावशी, किती द्यायचे?" ताई गप्पच. दारात आलेल्याकडून जेवणाचे पैसे मागायचे कसे? शेवटी मुलं परातीखाली काहीतरी ठेवून गेली. पुढच्या बैठकीत यावर एवढी बोलणी झाली, की हप्ते गोळा करायचेच राहिले. मग आम्ही म्हटलं, जिथे हे काम घरोघरी चालतं अशा एखाद्या मुलखाची माहिती काढू. त्यातून हाती लागली फ्रान्सची लोत नदी. आम्ही काही तिकडे जाऊन आलो नाही, पण वाचलं भरपूर. तेच आज सांगतो.

लोत ही दक्षिण फ्रान्समधली नदी. लांबी सुमारे 485 किलोमीटर. डोंगरात उगम पावते, वळणं घेत पश्चिमेला जाते आणि गारोन नदीला मिळते. काठाला मोठी शहरं फार नाहीत. लहान गावं, कुरणं, गाई-मेंढ्या, जंगल, दगडी घरं. आणि या गावांना जोडणाऱ्या पायवाटा.

या वाटांना तिथे 'जीआर' म्हणतात. आपल्याकडे जीआर म्हटलं की सरकारी कागद आठवतो, पण तिथे त्याचा अर्थ लांब पल्ल्याची पायवाट. प्रत्येकीला नंबर असतो. या वाटा आखायचं काम 1947 मध्ये चालण्याची आवड असणाऱ्यांनी समिती काढून सुरू केलं, आणि खुणा रंगवायचं काम आजही बहुतेक स्वयंसेवकच करतात. खूण अगदी साधी. झाडावर, दगडावर, विजेच्या खांबावर दोन आडवे पट्टे, वर पांढरा, खाली लाल. दिसले की वाट बरोबर. त्याच दोन रंगांची फुली दिसली की तिकडे जायचं नाही, मागे फिरा. वळायचं असेल तर पट्ट्यांखाली वळणाची खूण. गावाभोवतीच्या छोट्या वाटांना एकच पिवळा पट्टा. अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा या खुणांवर शंभर किलोमीटर चालून जाईल.

लोतच्या वरच्या खोऱ्यातून जाते ती जीआर 65. ही मूळची यात्रेची वाट. ल पुई या गावाहून निघून स्पेनमधल्या सांतियागोच्या तीर्थाला लोक पायी जात. ल पुईचा बिशप दहाव्या शतकात, 950 च्या सुमारास, गेल्याची नोंद आहे. मध्यंतरी वाट जवळजवळ विसरली गेली होती. 1970 च्या दशकात तिच्यावर लाल-पांढरे पट्टे मारले गेले आणि 1998 मध्ये तिचे काही तुकडे युनेस्कोच्या जागतिक वारशात आले. त्यातलाच एक सँ-कोम ते एस्तँ, सुमारे 17 किलोमीटरचा, लोतच्या काठाकाठाने. सँ-कोमच्या चर्चचा कळस पिळलेल्या कपड्यासारखा वर गेलेला आहे. पुढे एस्पालियाँला तांबड्या दगडाचा जुना पूल आणि नदीत उतरणारी जुन्या चामडे कमावणाऱ्यांची घरं. मग एस्तँ, गावाच्या डोक्यावर किल्लेवजा वाडा. तिथून वाट नदी सोडून डोंगर चढते आणि काँककडे जाते.

आता आमच्या कामाचा भाग. चालणारा माणूस दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर जातो. संध्याकाळी त्याला काय हवं? गरम पाणी, जेवण, अंथरूण. एवढंच. आणि हे हॉटेलपेक्षा घरांतच जास्त मिळतं. एक प्रकार 'झीत', म्हणजे एका खोलीत बऱ्याच खाटा. दुसरा, घरातल्याच खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. या दुसऱ्या प्रकाराला कायद्याची मर्यादा आहे: पाच खोल्या आणि पंधरा माणसं, त्याहून जास्त नाही. गावच्या कार्यालयात आधी कळवायचं. सकाळची न्याहारी त्याच भाड्यात द्यायची. रात्रीचं जेवण द्यायचं असेल, तर ते फक्त राहणाऱ्या पाहुण्यांना, घरच्याच टेबलावर, सगळ्यांना एकच स्वयंपाक. "मला हे नको, ते आणा" हा प्रकारच नाही! आमच्या गटाला ही गोष्ट सगळ्यांत आवडली.

आणि दर आधीच सांगितलेला असतो. रात्रीचं जेवण, खाट, सकाळची न्याहारी मिळून एक रक्कम. काही ठिकाणी दर नसतो, दाराशी पेटी असते, ऐपतीप्रमाणे टाका. पण मागावं की मागू नये हा घोळ कुठेच नाही.

जेवण भारी नसतं. आधी सूप. मग त्या डोंगराळ भागाचा 'अलिगो': उकडलेले बटाटे घोटून त्यात ताजं चीज, लोणी, लसूण घालतात आणि इतकं घोटतात की पळी उचलली की लांब तार सुटते. ल पुईकडची हिरवी मसूरही असते. घोटायला हात चांगलाच भरून येत असणार.

कष्टाचं बोलायला हवं. पाहुणे सकाळी लवकर निघतात, त्याआधी न्याहारी. मग चादरी, संडास-मोरी, बाजार, पुन्हा संध्याकाळचा स्वयंपाक. ढेकणांची धास्ती फार, म्हणून बूट आणि पाठीवरच्या पिशव्या दाराशीच ठेवायला लावतात. फोनवर खाट राखून न येणारे लोकही असतात, स्वयंपाक वाया जातो. हंगाम साधारण ईस्टरपासून ऑक्टोबर संपेपर्यंत, थंडीत बरीच घरं बंद. म्हणजे हा शेतीला जोड आहे, शेती सोडून करायचा धंदा नाही.

पैसा कोणाच्या नावावर, हा प्रश्न तिथल्या बायकांनाही होता. नवऱ्याबरोबर शेतात राबूनही कागदोपत्री "काही काम करत नाही" असंच लिहिलं जाई. 1999 च्या शेती कायद्याने शेतकऱ्याबरोबर काम करणाऱ्या जोडीदाराला सहकारी म्हणून वेगळा दर्जा आणि त्यासोबत पेन्शनचा हक्क दिला. 1999! आम्हाला वाटलं होतं, तिकडे हे कधीच मिटलं असेल.

पण वाटच राहिली नाही, तर घरात पाहुणा येणार कुठून? गावच्या ग्रामीण वाटा ग्रामपंचायतीच्या मालकीच्या, वापर सगळ्यांचा. आपल्या पाणंदीच समजा. शेजारचा शेतकरी दरवर्षी एक तास जास्त मारतो, कुंपण पुढे सरकवतो. तिथल्या कायद्यात 30 वर्षं कोणी हरकत घेतली नाही, तर ती जागा त्याची होऊ शकते. गावात भांडण नको म्हणून लोक गप्प राहतात, तेही आपल्यासारखंच. शेतांच्या एकत्रीकरणातही पुष्कळ वाटा नांगराखाली गेल्या.

1983 च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला चालण्याच्या वाटांची यादी करायला लावली. पंचायतीने ठराव करून आपली वाट त्या यादीत घातली, की ती विकताना पर्यायी वाट द्यावी लागते. खासगी जमिनीतून वाट जात असेल, तर मालकाशी लेखी करार होतो. 2022 च्या कायद्याने आणखी एक सोय मजबूत केली: पंचायतीने गावच्या वाटांची मोजणी करायचा ठराव केला, की त्या 30 वर्षांची मोजदाद तात्पुरती थांबते. म्हणजे आधी वाटा कागदावर, मग रंगाचा डबा.

याच नदीवर बऱ्याच खाली, सँ-सिर्क-लापोपी गावाजवळ, कड्यात कोरलेली एक वाट आहे. डोक्यावर दगड, पायाशी पाणी. मालाच्या होड्या दोराने प्रवाहाविरुद्ध ओढण्यासाठी एकोणिसाव्या शतकात ती खोदली. पुढे रेल्वे आली आणि होड्या संपल्या. वाट मात्र टिकली, आणि आता तिच्यावरून चालायला माणसं येतात.

हे सगळं आम्ही बैठकीत वाचून दाखवलं. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दराची पाटी मी लावीन. पण किल्ल्याकडची आपली पाणंद ओढ्यापाशी कुंपणाने अडवलीय, तिचं काय?" कोणी उत्तर दिलं नाही, कारण कुंपण कोणाचं ते सगळ्यांना माहीत होतं. येत्या सोमवारी आम्ही चौघी तलाठी कार्यालयात जाऊन गावनकाशा मागणार आहोत. पाणंद त्यावर दाखवली असेल, तर अर्ज तहसीलदारांकडे.