वाकणारी काठी

नदीकाठी गळ टाकून बसलेला माणूस आपल्या चांगल्या परिचयाचा. बांबूची काठी, दोरा, गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, आणि मुख्य म्हणजे भरपूर वेळ! पण इंग्लंड-स्कॉटलंडच्या थंड नद्यांवर मासेमारीचा एक निराळाच प्रकार वाढला. त्याचं नाव फ्लाय फिशिंग. आयझॅक वॉल्टनचा ‘द कम्प्लीट अँग्लर’ १६५३ साली निघाला. १६७६ च्या आवृत्तीत त्याचा मित्र चार्ल्स कॉटन यानं या विद्येवरचा भाग त्याला जोडला. इंग्रजांमागोमाग ती हिंदुस्थानातही आली. विसाव्या शतकाच्या आरंभी ट्राउट मासा काश्मिरात रुजला आणि पुढे कुलूच्या खोऱ्यात गेला. आज तीर्थन नदीकाठी सुटी घालवणाऱ्या किंवा मुलंबाळं परदेशी असलेल्या एखाद्या घरात ही काठी विकत घ्यायचा प्रश्न निघतो. किंमत काही हजारांपासून लाखाच्या घरात. अशा वेळी घ्यावी तरी कोणती?

आधी तिचं काम समजून घेतलं पाहिजे. आपल्या गळाला आमिषाचं किंवा शिशाचं वजन असतं. ते फेकलं की दोरा त्याच्यामागे ओढला जातो. इथे गळाला असते पिसं नि रेशीमधागे गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजन असं नाहीच. पीस फेकून बघा, चार हातही जायचं नाही. म्हणून इथे वजन दिलेलं असतं दोरीला. फेकायची ती दोरी; माशी आपली तिच्या टोकाला पाहुणी म्हणून जाते. दोरी पाठीमागे उडवायची, ती सरळ होईस्तोवर क्षणभर थांबायचं, मग पुढे झोकायची. त्या क्षणात दोरीच्या भारानं काठी वाकते आणि सरळ होताना दोरीला पुढे ढकलते. थोडक्यात, ही काठी म्हणजे एक स्प्रिंग आहे. नवशिक्या चुकतो तो या थांबण्यात. त्याला वाटतं, जोर कमी पडला!

हे कळलं की काठीवरचे आकडे बोलू लागतात. ‘नऊ फूट, ५’ असं लिहिलेलं असेल, तर तो पाचाचा आकडा ना काठीच्या वजनाचा, ना माशाच्या. ती काठी कोणत्या दोरीसाठी केली आहे, ते तो सांगतो. दोरीच्या पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून हे क्रमांक ठरवलेले आहेत. ५ क्रमांकाच्या दोरीचे ते तीस फूट साधारण नऊ ग्रॅम भरतात, ८ क्रमांकाचे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. हलकी दोरी लावली तर काठी वाकतच नाही आणि जड लावली तर मान टाकते. झाडोऱ्यातल्या लहान ओढ्याला सात-साडेसात फुटी, ३ क्रमांकाची काठी बरी. स्कॉटलंडच्या स्पे नदीवर सामन माशासाठी दोन्ही हातांनी धरायच्या तेरा-पंधरा फुटी काठ्या लागतात. पहिलीच काठी असेल आणि मासा ट्राउट असेल, तर नऊ फुटी, ५ क्रमांकाची घ्यावी, असं बहुतेक जाणकार सांगतात.

दुसरा प्रश्न, काठी वाकते कुठे? केवळ शेंड्याकडे वाकणारी काठी चपळ. लांब जाते, पण हाताची चूक पोटात घालत नाही. मुठीपर्यंत वाकणारी संथ आणि नाजूक. शिकणाऱ्याला मधली मानवते. दुकानदार मात्र पुष्कळदा चपळ काठीचं कौतुक आधी सांगतो.

काठी कशाची, याची हकिगत मोठी गमतीची आहे. एकोणिसाव्या शतकात बांबूच्या चिरफळ्या तासून, सहा-सहा एकत्र चिकटवून षट्कोनी काठ्या होऊ लागल्या. अमेरिकेत हायरम लेनर्डनं त्यात नाव कमावलं. तो बांबू जाई आपल्या कलकत्ता बंदरातून. ‘कलकत्ता केन’ हेच त्याचं बाजारातलं नाव. पुढे चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या ‘टाँकिन’ बांबूनं त्याला मागे सारलं. १९५० साली अमेरिकेनं चीनशी व्यापार बंद केला, तो १९७१ पर्यंत. तेवढ्यात काचतंतूच्या काठ्यांनी बाजार काबीज केला आणि १९७० च्या दशकात कार्बनतंतूच्या काठ्या आल्या. त्या हलक्या आणि ताठ; आज बहुतेक काठ्या याच. फक्त एक ध्यानात ठेवा. कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली किंवा गडगडाट सुरू असताना ती हातात धरू नये.

विकत घेताना दुकानात काठी नुसती हलवून पाहण्यानं फारसं काही कळत नाही. दोरी ओवून, टोकाला गळाऐवजी लोकरीचा धागा बांधून, हिरवळीवर फेकून पाहावी. अर्ध्या तासानं मनगट दुखलं तर ती काठी आपली नव्हे, मग ती कितीही नामांकित असो. पैसे बेताचे असतील तर काठी साधी घ्यावी, पण दोरी चांगली. रीळ पहिल्या वर्षी बहुतांशी दोरी गुंडाळण्याच्याच कामाचं. टोपी आणि चष्मा मात्र हवेतच. गळ डोक्यावरून जातो. मुलं बरोबर असतील तर हे दुप्पट खरं.

आणि शेवटी मासा. माशाच्या मानानं फार हलकी काठी घेतली तर झुंज लांबते, मासा थकून अर्धमेला होतो. सोडून दिला तरी जगेलच असं नाही. हात ओले करून धरावा, काटा नसलेला गळ वापरावा, चटकन पाण्यात सोडावा. परवाना घ्यावा, विणीच्या दिवसांत नदीला विश्रांती द्यावी. काठी पारखणं म्हणजे समोरच्या जिवाची ताकद ओळखून आपली बेतानं वापरणं. एवढं साधलं, तर रिकाम्या हातानं परतलेला रविवारही फुकट गेला असं वाटत नाही.