‘मुंगूस’ शब्दाची परदेशवारी

इंग्रजी प्राणिनामांपैकी ‘मंगूस’ हे नाव पाठ करण्याचे श्रम मराठी विद्यार्थ्याला कधी पडत नाहीत. शेताच्या बांधावरून झर्रकन निघून जाणाऱ्या, क्षणभर थबकून मागे वळून पाहणाऱ्या मुंगसाचेच ते नाव होय. येथे उच्चारांचे साम्य योगायोगाने आलेले नाही. इंग्रजांनी हा शब्द दक्षिण व पश्चिम भारतातून उचलला, आणि त्यांचे कोशकार त्याचे मूळ सांगताना बहुधा मराठीचाच निर्देश करतात.

पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांच्या आधी पोर्तुगीज आले. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात सर्पविषावरील मुळीची चर्चा करताना नाग आणि मुंगूस यांच्या झुंजीची हकीगत दिली आहे. पुढे पोर्तुगीजांच्या तोंडी ‘मंगुस’ किंवा ‘मांगुश्तु’ असे रूप रुळले. फ्रेंच ‘मांगूस्त’ आणि इटालियन ‘मांगुस्ता’ ही त्याचीच भावंडे. जर्मन भाषेने तर शेपूट छाटून नुसता ‘मुंगो’ ठेवला. इंग्रजी लेखनात हा शब्द ठळकपणे दिसतो तो जॉन फ्रायर याच्या १६९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात. कंपनीच्या सेवेतील हा वैद्य सुरत, मुंबई व कोकणपट्टीत वावरलेला होता.

तथापि या शब्दावर मराठीने एकटीने हक्क सांगावा, असेही नाही. कन्नडात ‘मुंगुसि’ आहे, तेलुगूत ‘मुंगिस’ आहे, कोंकणीत तर ‘मुंगूस’च आहे. म्हणूनच मराठीतील या शब्दाचे मूळ द्राविडी असावे, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृतातील शब्द आहे नकुल. पंचतंत्रातील ब्राह्मणीच्या बाळाचे रक्षण करणारा तो नकुलच, आणि चौथ्या पांडवाचे नावही तेच. हिंदी ‘नेवला’ व गुजराती ‘नोळियो’ हे या नकुलाचे वंशज होत. परिणामी इंदूर, ग्वाल्हेर किंवा वडोदऱ्याच्या मराठी माणसाला शेजाऱ्याशी बोलताना या प्राण्याचे नाव बदलावे लागते. उलट बेळगाव व हैदराबाद येथील मराठी माणसाचा शब्द शेजाऱ्याच्या शब्दाला येऊन भिडतो. भाषांच्या सीमा नकाशावरील रेघांप्रमाणे नसतात, हे या एका लहानशा प्राण्यावरून कळते.

इंग्रजीत गेल्यावर या शब्दाला एक चमत्कारिक अनुभव आला. परक्या शब्दाला ओळखीचा पोशाख चढवण्याची लोकांना खोड असते. ‘मुंगूस’मधील शेवटचे अक्षर इंग्रजी कानाला ‘गूस’ म्हणजे हंसवर्गातील पक्ष्यासारखे वाटले, आणि लिखाणही तसेच ठरले. त्यातून अनेकवचनाचा घोटाळा उद्भवला. ‘गूस’चे अनेकवचन ‘गीस’. मग ‘मंगूस’चे ‘मंगीस’ का नको? शिष्टसंमत रूप ‘मंगूसेस’ हेच आहे, कारण पक्ष्याशी या शब्दाचा काडीचाही संबंध नाही. गंमत अशी की, इंग्रजी ‘गूस’ आणि संस्कृत ‘हंस’ हे शब्द मात्र खरोखर एकाच प्राचीन मुळापासून निघालेले आहेत. जेथे नाते दिसते तेथे ते नाही, आणि जेथे दिसत नाही तेथे ते आहे!

नावामागोमाग प्राणीही परदेशी गेला. उसाच्या मळ्यांतील उंदरांचा नाश व्हावा म्हणून १८७२ साली कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैका बेटावर नेण्यात आली. त्यांच्या वंशजांपैकी काही १८८३ मध्ये हवाई बेटावर पोचली. उंदीर मुख्यतः रात्री हिंडतो, मुंगूस दिवसा; शिवाय मुंगसाला जे सापडेल ते चालते. साहजिकच जमिनीवर घरटी करणारे पक्षी, त्यांची अंडी, सरडे व कासवांची अंडी यांवर संकट कोसळले. जपानच्या अमामी ओशिमा बेटावर १९७९ साली विषारी सापांच्या बंदोबस्तासाठी सुमारे तीस मुंगसे सोडली. त्यांनी सापांऐवजी तेथील दुर्मिळ सशांवर ताव मारला. दीर्घ मोहिमेनंतर २०२४ साली ती त्या बेटावरून निःशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. जपानी भाषेतही त्यांचे नाव ‘मांगूसु’ असेच आहे. हा दोष त्या प्राण्याचा नव्हे; त्याचा स्वभाव न जाणता त्याला कामाला जुंपणाऱ्या माणसाचा आहे.

मायदेशीही त्याची उपेक्षा थांबलेली नाही. चित्रकारांच्या कुंचल्यांसाठी त्याच्या केसांना मागणी असते आणि त्यापायी त्याची चोरटी शिकार होते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये हा व्यापार गुन्हा आहे. २०१९ मध्ये अशा कुंचल्यांवर देशभर धाडीही घालण्यात आल्या. कृत्रिम केसांचे कुंचले आता सहज मिळतात, हे कलावंतांनी ध्यानी ठेवावयास हवे.

दक्षिणेच्या बांधाबांधांवर बोलला जाणारा एक शब्द जपानपर्यंत पोचला आणि जगाच्या कोशांत स्थिरावला. ज्या मातीने जगाला हे नाव दिले, त्या मातीत त्या नावाचा धनी सुखाने नांदावा, एवढी अपेक्षा गैरवाजवी ठरू नये.