बुरुजाखालची माती

पिंपरीहून भोसरी आणि मोशी मागे टाकून पुणे-नाशिक रस्त्याने उत्तरेकडे निघाले की इंद्रायणी ओलांडून आपण चाकणला पोहोचतो. आज चाकण म्हटले की मोटारींचे कारखाने डोळ्यांसमोर येतात. पण याच गावात एक जुना भुईकोट आहे. त्याचे नाव संग्रामदुर्ग. डोंगरावर न बांधता सपाट जमिनीवर बांधलेल्या किल्ल्याला भुईकोट म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक असेलच. या किल्ल्याचा बराच भाग काळाच्या ओघात नाहीसा झाला आहे. तरीही दरवाजा, तटाचे काही भाग, बुरूज आणि खंदकाच्या खुणा तेथे पाहायला मिळतात.

बुरुजावर चढल्यावर आपण सगळेच प्रथम दूरवर पाहतो. पूर्वीचा पहारेकरीही तेच करीत असे. पण चाकणच्या बुरुजाची खरी गोष्ट दूर क्षितिजावर नाही. ती आहे पायांखाली, जमिनीच्या पोटात.

बुरूज गोल का?

एकोणिसाव्या शतकातील वर्णनाप्रमाणे हा किल्ला जवळजवळ चौरस होता. त्याच्या चारही कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर बुरूज होते. भोवती सुमारे ३० फूट रुंद आणि १५ फूट खोल खंदक होता.

तट सरळ असतो; मग बुरूज गोल आणि पुढे आलेला का? सरळ तटावर उभ्या असलेल्या शिपायाला तटाच्या अगदी पायथ्याशी आलेला शत्रू दिसत नाही. पुढे आलेल्या बुरुजावरून मात्र तटाची सबंध बाजू नजरेत येते आणि तिच्यावर माराही करता येतो. दुसरे कारण दगडांच्या रचनेत आहे. चौकोनी बांधकामाचा कोपरा हा त्याचा कच्चा भाग. तोफगोळ्याने तेथील दगड लवकर निखळतात. गोल बुरुजाला कोपराच नसतो. त्यावर तिरका आदळलेला गोळा घसरून जातो. शिवाय वर्तुळात बसवलेले दगड बाहेरून दाब आला की एकमेकांवर अधिकच घट्ट बसतात. कमानीतले दगड वरच्या भाराने असेच आवळले जातात. म्हणजे गोल बुरूज ही एक प्रकारे आडवी ठेवलेली कमानच होय.

५४ दिवसांची झुंज

१६६० साली औरंगजेबाचा मामा शायिस्ताखान मोठे सैन्य घेऊन पुण्यात आला. जून महिन्यात त्याने चाकणला वेढा घातला. किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा. त्यांच्याजवळ माणसे थोडी होती, पण त्यांनी किल्ला नेटाने लढवला. वर पाऊस कोसळत होता आणि खाली चिखल झाला होता. मोगलांच्या तोफा चालू होत्या, पण किल्ला काही पडेना.

तेव्हा मोगलांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी आपल्या मोर्च्यापासून जमिनीखालून एक भुयार खणत नेले. ते ईशान्येच्या कोपऱ्यावरील बुरुजाखाली पोहोचले. वेढ्याला ५४ दिवस झाले होते. १४ ऑगस्ट १६६० रोजी दुपारी ३ च्या सुमारास भुयारात भरलेल्या दारूला बत्ती दिली गेली. बुरूज आणि त्यावरचे शिपाई आकाशात उडाले.

मोगल सैन्य खिंडाराकडे धावले. पण आत पाहतात तो काय! बुरुजाच्या मागे मराठ्यांनी मातीचा उंच बांध घालून ठेवला होता. त्याच्या आडोशाने त्यांनी शत्रूला रात्रभर थोपवून धरले. दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्टला, मोगल तटावर चढले आणि किल्ला पडला. हा लहानसा भुईकोट घेताना मोगलांची २६८ माणसे ठार झाली आणि ६०० जखमी झाली.

तोफेने जमले नाही ते सुरुंगाने कसे साधले?

दगड दाब सोसण्यात फार पक्का असतो, पण ताण सोसण्यात कच्चा असतो. दगडचुन्याच्या भिंतीवर वरून कितीही भार टाका, तिला फारसे काही वाटत नाही. पण तीच भिंत खालून उचलली किंवा दोन्ही बाजूंना ओढली, की सांधे उघडतात. बांधणाऱ्याने बुरूज रचला तो भार वरून खाली जाईल आणि मारा बाहेरून आत होईल, असे धरून. सुरुंगाचा धक्का मात्र खालून वर येतो. त्या दिशेने बुरुजाला बळ असे नव्हतेच.

सुरुंगाची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. यात सोऱ्याचे प्रमाण सर्वांत जास्त, सुमारे तीन चतुर्थांश असते. सोरा जळणासाठी लागणारा ऑक्सिजन पुरवतो. म्हणून ही दारू बंद भुयारातही जळते. जळताना तिच्या मूळ आकारमानाच्या शेकडो पट वायू क्षणात तयार होतात आणि तेही अतिशय तप्त. उघड्यावर ते नुसते भस्सकन पसरतील. भुयाराचे तोंड बंद केलेले असले, तर त्यांना वरचा बुरूज उचलण्यावाचून वाट राहत नाही.

दारू माहीत नव्हती तेव्हाही ही युक्ती होतीच. भिंतीखालची माती काढायची, तिच्या जागी लाकडी टेकू लावायचे आणि मग टेकूंना आग द्यायची. टेकू जळाले की भिंत कोसळे. म्हणजे मनोरा असो वा बुरूज, त्याचे मर्म त्याच्या पायाखाली असते.

मातीने कलवला, मातीनेच सावरला

याच तत्त्वाचे एक जगप्रसिद्ध उदाहरण इटलीत आहे. पिसा शहरातील कलता मनोरा तुम्ही चित्रात पाहिलाच असेल. तेथे कोणी शत्रू आला नव्हता, सुरुंगही नव्हता. या मनोऱ्याचे बांधकाम ११७३ साली सुरू झाले. तिसऱ्या मजल्यापर्यंत काम आले आणि मनोरा कलू लागला. कारण उघड होते. सुमारे १४,५०० टनांचे हे वजन जेमतेम ३ मीटर खोलीच्या पायावर उभे राहायचे होते आणि खाली मऊ चिकणमाती होती. तेथील जमिनीवर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ५ किलोग्रॅम भार पडतो. तुम्ही दोन्ही पायांवर उभे राहता तेव्हा त्याच्या जेमतेम तिसाव्या हिश्शाएवढा भार पडतो!

युद्धे वगैरे कारणांनी काम मध्ये जवळजवळ शंभर वर्षे थांबले आणि हेच मनोऱ्याच्या पथ्यावर पडले. त्या काळात भाराखालच्या चिकणमातीतले पाणी हळूहळू पिळून निघाले आणि ती घट्ट झाली. एका दमात काम उरकले असते, तर मनोरा तेव्हाच आडवा झाला असता, असे तज्ज्ञ सांगतात.

१९९० साली वरचे टोक दक्षिणेकडे सुमारे साडेचार मीटर पुढे आले होते. मनोरा लोकांना चढण्यासाठी बंद करण्यात आला. उपाय काय? टेकू द्यावा, ओढून धरावा, असे अनेकांनी सुचवले. शेवटी जो उपाय लागू पडला तो ऐकून नवल वाटेल. उत्तरेकडील, म्हणजे उचललेल्या बाजूखालची माती तिरक्या नळ्यांनी थोडी थोडी काढण्यात आली. एकंदर सुमारे ३८ घनमीटर माती निघाली. ती बाजू सावकाश खाली बसली आणि मनोरा सुमारे अर्ध्या अंशाने मागे आला. २००१ च्या डिसेंबरमध्ये लोक पुन्हा त्याच्या पायऱ्या चढू लागले.

गंमत पाहा. चाकणला बुरुजाखाली खणले ते बुरूज पाडण्यासाठी. पिसाला मनोऱ्याखाली खणले ते तो वाचवण्यासाठी.

करून पाहा

एका पसरट घमेल्यात ओलसर वाळू भरा. एक उंच, अरुंद डबा वाळूने भरून त्यावर उभा करा. एका बाजूने हलकेच दाबा, म्हणजे तो किंचित कलेल. आता उचललेल्या बाजूखालची वाळू पेन्सिलीने थोडी थोडी उकरून काढा. डबा सावकाश सरळ होऊ लागेल. हाच प्रयोग पुन्हा करा; पण या वेळी वाळू कललेल्या बाजूखालून काढा. काय होते?

डबा नेमका किती कलला हे पाहण्यासाठी ओळंबा वापरा. दोऱ्याला एक जड नट बांधला की ओळंबा झाला. दोरा आणि डब्याची कड यांतील अंतर वरच्या टोकाशी व खालच्या टोकाशी मोजून वहीत टिपून ठेवा.

काळी माती आणि मुरूम

आपल्या भागात पिसासारखी जाड चिकणमाती नाही. येथे खाली बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. त्यावर मुरूम आणि बऱ्याच ठिकाणी सर्वांत वर काळी माती. ही काळी माती फसवी. पावसाळ्यात पाणी शोषून ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर पाया ठेवला तर भिंतींना तडे जातात. म्हणून जाणता गवंडी ती उकरून काढतो आणि कठीण मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जातो. कारखान्यात पत्रा दाबणारी अवजड यंत्रे बसवतानाही आधी जमिनीचीच परीक्षा होते.

संग्रामदुर्ग पाहायला जाल तेव्हा ढासळलेल्या भागावर चढू नका आणि तटाचे दगड हलवू नका. जेथे धड वाट आहे तेथूनच वर जा. दूरवर जरूर पाहा. पण उतरल्यावर बुरुजाच्या पायथ्याशीही क्षणभर थांबा. दगड कसे बसवले आहेत, चुना कोठे उरला आहे, जमीन कसली आहे, हे पाहा. परतताना रस्त्यात कोठे नव्या इमारतीचा पाया खणला जात असेल, तर दुरूनच मातीचे थर पाहा आणि तेथील गवंडीदादांना एकच प्रश्न विचारा: “येथे मुरूम किती फुटांवर लागला?”